तेरा वर्षं कपाटात राहिलेला करार: एनडीटीव्हीच्या ताब्याचं प्रकरण

२३ ऑगस्ट २०२२ च्या संध्याकाळी अदानी समूहाने शेअर बाजाराला कळवलं की त्यांच्या एएमजी मीडिया नेटवर्क्स या कंपनीने विश्वप्रधान कमर्शियल नावाची एक कंपनी ११३.७४ कोटी रुपयांना विकत घेतली आहे. हे नाव तोवर फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. पण त्या कंपनीकडे एक जुना करार होता आणि तो वापरला की एनडीटीव्हीचे २९.१८ टक्के समभाग हाती येत होते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमाप्रमाणे पुढे आणखी २६ टक्क्यांसाठी खुली ऑफर, म्हणजे इतर भागधारकांकडून ठरलेल्या भावाने समभाग घेण्याची तयारी, जाहीर करावी लागते, तीही त्याच दिवशी जाहीर झाली. एनडीटीव्हीने आपल्या निवेदनात म्हटलं की हे सगळं संस्थापकांशी कसलीही चर्चा न करता, त्यांची संमती न घेता झालेलं आहे. संस्थापकांच्या भागधारणेत काहीही बदल नाही, असं कंपनीने आदल्याच दिवशी शेअर बाजाराला कळवलं होतं.

त्या आठवड्यात जी चर्चा झाली ती बहुतेक गौतम अदानी आणि एनडीटीव्ही इंडियाचे निवेदक रवीश कुमार या दोन नावांभोवती फिरली. मला महत्त्वाचा वाटतो तो तिसराच प्रश्न. संस्थापकांना न विचारता त्यांची वृत्तवाहिनी दुसऱ्याची होऊ शकते, अशी सोय कागदावर केव्हा झाली आणि इतकी वर्षं ती प्रेक्षकांना का सांगितली गेली नाही? अब्जाधीशांनी माध्यमं विकत घेण्याबद्दल आपण बोलतो तेव्हा डोळ्यासमोर खरेदीचा दिवस असतो. या प्रकरणात तो दिवस सर्वांत शेवटी आला.

कर्ज

प्रणय आणि राधिका रॉय यांची ही कंपनी १९८८ पासून दूरदर्शनसाठी 'द वर्ल्ड धिस वीक' हा जागतिक घडामोडींचा कार्यक्रम करत होती. १९९८ पासून स्टार न्यूजच्या बातम्या त्यांनी केल्या आणि २००३ मध्ये इंग्रजी व हिंदी अशा स्वतःच्या दोन वृत्तवाहिन्या सुरू केल्या. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी प्रणय रॉय यांच्यासमोर बसणं ही एका पिढीची सवयच होती. २००४ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

२००८ मध्ये रॉय दाम्पत्याने स्वतःचा हिस्सा वाढवायचं ठरवलं. त्यासाठी आरआरपीआर होल्डिंग या त्यांच्या खासगी कंपनीने इंडियाबुल्सकडून सुमारे पाचशे कोटींचं कर्ज काढलं आणि प्रतिसमभाग ४३९ रुपयांच्या आसपास खुली ऑफर दिली. त्यानंतर काही महिन्यांतच जगभरचे बाजार कोसळले. एनडीटीव्हीचा भाव पडला, तारण ठेवलेल्या समभागांची किंमत आटली. ऑक्टोबर २००८ मध्ये पहिलं कर्ज भागवण्यासाठी आयसीआयसीआय बँकेकडून १९ टक्के व्याजाने ३७५ कोटी घेतले. तेही झेपेना. जुलै २००९ मध्ये ते फेडायला विश्वप्रधान कमर्शियलने ३५० कोटी दिले आणि जानेवारी २०१० मध्ये आणखी ५३.८५ कोटी. एकूण ४०३.८५ कोटी रुपये, तेही बिनव्याजी.

चारशे कोटी बिनव्याजी कोण देतं? करारात त्याचं उत्तर आहे. आरआरपीआरने विश्वप्रधानला वॉरंट, म्हणजे पुढे समभागांत बदलून घेता येणारे हक्क, दिले होते. ते समभागांत बदलून घेतले की आरआरपीआरचे ९९.९९ टक्के समभाग आणि त्यांच्याबरोबर आरआरपीआरकडचा एनडीटीव्हीचा हिस्साही विश्वप्रधानचा होणार होता आणि हे कर्जाच्या मुदतीत किंवा त्यानंतरही कधीही करता येणार होतं. त्यासाठी रॉय यांची नव्याने परवानगी लागणार नव्हती, ती २००९ मध्येच देऊन झाली होती. विश्वप्रधानकडे हे पैसे आले ते रिलायन्स समूहातल्या शिनानो रिटेल या कंपनीकडून. २०१२ मध्ये विश्वप्रधानची मालकी महेंद्र नहाटा यांच्याशी संबंधित कंपनीकडे गेली. नहाटा हे रिलायन्स जिओच्या संचालक मंडळावरचं नाव.

इथे रॉय यांच्याबद्दल बोलायलाच हवं. त्यांना बळी म्हणून उभं करणं मला पटत नाही. बाजार तेजीत असताना कर्ज काढून स्वतःचा हिस्सा वाढवण्याचा निर्णय त्यांचा होता. करारावर सही त्यांची होती. देशातल्या सर्वांत मोठ्या उद्योगसमूहाच्या पैशावर आपला डोलारा उभा आहे, ही गोष्ट वर्षानुवर्षं पडद्यावर न सांगण्याची जबाबदारीही त्यांचीच. रोज इतरांकडे पारदर्शकता मागणाऱ्या संपादकांनी हे स्वतःहून सांगायला हवं होतं. ते बाहेर आलं इतर पत्रकारांमुळे. २०१५ मध्ये 'कॅरव्हॅन' मासिकाने हा व्यवहार तपशिलाने छापला. त्यावरही मुख्य प्रवाहातल्या वाहिन्यांवर फारशी चर्चा झाली नाही. ज्यांनी ती करायची, त्यांतल्या अनेकांची स्वतःची मालकी अशाच कागदांत गुंतलेली होती.

विकलेलं आणि न विकलेलं यांच्यामध्ये

सेबीने जून २०१८ मध्ये एक आदेश काढला. त्या आदेशाचं सार असं की २००९ च्या कराराने विश्वप्रधानकडे एनडीटीव्हीवरचं अप्रत्यक्ष नियंत्रण गेलेलं आहे, तेव्हा त्यांनी नियमाप्रमाणे खुली ऑफर काढायला हवी होती, ती आता काढावी. विश्वप्रधान अपिलात गेली. जुलै २०२२ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला. वॉरंट अजून समभागांत बदललेले नाहीत, त्यामुळे नियंत्रण गेलं असं म्हणता येणार नाही, अशी ती भूमिका. त्यानंतर साधारण महिन्याभरात विश्वप्रधान अदानींकडे गेली आणि वॉरंट बदलण्याची नोटीस आली.

सबंध प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. कायद्याच्या दृष्टीने कंपनी एकतर विकलेली असते किंवा नसते. एनडीटीव्ही तेरा वर्षं या दोहोंच्या मधल्या जागेत होती. पडद्यावर रॉय, भागधारकांच्या यादीत रॉय, आणि कपाटात एक करार, जो ज्याच्या हाती जाईल तो कुठल्याही दिवशी मालक होणार.

या तेरा वर्षांत रिलायन्सने बातम्यांत हस्तक्षेप केला का? तसा पुरावा पुढे आलेला नाही आणि तो झाला असं मी म्हणणार नाही. उलट याच काळात एनडीटीव्ही इंडियाने सरकारला सर्वांत टोकदार प्रश्न विचारले. दबाव आला तो दुसऱ्या दिशेने. नोव्हेंबर २०१६ मध्ये पठाणकोट हल्ल्याच्या वार्तांकनावरून केंद्र सरकारने हिंदी वाहिनी एक दिवस बंद ठेवण्याचा आदेश काढला. गदारोळ झाल्यावर तो स्थगित केला. ५ जून २०१७ रोजी आयसीआयसीआयच्या त्याच कर्जात बँकेला ४८ कोटींचा तोटा झाल्याच्या तक्रारीवरून सीबीआयने रॉय यांच्या घरावर छापे घातले. पत्रकारांनी दिल्लीच्या प्रेस क्लबमध्ये निषेध सभा घेतली, तिथे कुलदीप नय्यर, अरुण शौरी आणि फली नरिमन बोलले. पुढे २०२४ मध्ये सीबीआयने हे प्रकरण पुराव्याअभावी बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. पण तोवर एनडीटीव्ही रॉय यांची राहिलेली नव्हती.

एका बाजूला तपासयंत्रणा, दुसऱ्या बाजूला कर्जाचा करार. मालकाने संपादकाला फोन करून बातमी थांबवणं ही प्रभावाची फार ढोबळ कल्पना झाली. संस्था आर्थिक अडचणीत आहे, तिच्यावर खटले आहेत आणि तिचा करार तिसऱ्याच कुणाकडे आहे, एवढं झालं की ती कोणत्या दिवशी, कोणाच्या हाती पडेल हे संपादकांच्या हातात राहत नाही.

ऑगस्ट ते डिसेंबर

नोटीस आल्यावर एनडीटीव्हीने मुद्दा मांडला की सेबीच्या नोव्हेंबर २०२० च्या एका आदेशाने रॉय यांना २६ नोव्हेंबर २०२२ पर्यंत रोख्यांचे व्यवहार करायला मनाई आहे, त्यामुळे समभाग देता येणार नाहीत. अदानी समूहाचं म्हणणं होतं की आरआरपीआर त्या आदेशात पक्षकारच नाही. वाद सेबीकडे गेला आणि मधे तीन महिने निघून गेले.

खुल्या ऑफरचा भाव होता २९४ रुपये. जाहीर झाली त्या दिवशी बाजारात समभाग साडेतीनशेच्या वर होता आणि सप्टेंबरमध्ये तो पाचशेच्याही पुढे गेला. बाजारापेक्षा इतक्या कमी भावाने कोण विकेल असं वाटत होतं. तरीही ५ डिसेंबरला ऑफर बंद झाली तेव्हा सुमारे ५३ लाख समभाग अदानींना मिळाले होते, म्हणजे ८ टक्क्यांहून थोडे अधिक, आणि त्यांत कंपन्यांचा वाटा मोठा होता.

त्याआधीच निर्णायक गोष्ट घडून गेली होती. मनाईची मुदत संपताच आरआरपीआरने ९९.५ टक्के समभाग विश्वप्रधानच्या नावे केले. २९ नोव्हेंबरला रॉय दाम्पत्य आरआरपीआरच्या संचालकपदावरून दूर झालं. दुसऱ्या दिवशी रवीश कुमार यांनी राजीनामा दिला. रॉय यांच्याकडे व्यक्तिशः अजून ३२.२६ टक्के होते. पण ज्या खासगी कंपनीतून ते एनडीटीव्ही चालवत ती गेली होती आणि अदानी ३७ टक्क्यांच्या पुढे पोचले होते. २३ डिसेंबरला रॉय यांनी आपले २७.२६ टक्के विकायचं जाहीर केलं. ३० डिसेंबरला तो व्यवहार ३४२.६५ रुपये भावाने, म्हणजे सुमारे ६०२ कोटींना पुरा झाला आणि अदानी समूहाचा हिस्सा ६४.७१ टक्के झाला. खुल्या ऑफरमध्ये ज्यांनी २९४ ला दिले होते त्यांना नंतर फरकाचे ४८.६५ रुपये मिळाले.

२४ जानेवारी २०२३ ला हिंडेनबर्ग रिसर्च या अमेरिकी संस्थेचा अदानी समूहावर गैरव्यवहारांचे आरोप करणारा अहवाल आला. जानेवारी संपायच्या आत एनडीटीव्ही समूहाच्या अध्यक्ष सुपर्णा सिंग आणि श्रीनिवासन जैन, निधी राजदान हे तिथले पत्रकार, सगळे बाहेर पडले होते. 'रिपोर्टर्स विदाऊट बॉर्डर्स'च्या २०२३ च्या माध्यमस्वातंत्र्य निर्देशांकात १८० देशांत भारत १६१ वा आला आणि संस्थेच्या भारतावरच्या टिपणात एनडीटीव्हीच्या ताब्याचा ठळक उल्लेख होता. असे निर्देशांक फूटपट्टीसारखे वापरू नयेत हे मला मान्य आहे. एका व्यवहाराने एवढ्या मोठ्या देशाचं माध्यमस्वातंत्र्य ठरत नाही. पण प्रश्न विचारणारा हिंदी वृत्तवाहिनीचा प्राइम टाइम तिथे संपला, हे कोणताही निर्देशांक न पाहता दिसत होतं.

धारावीचा मतदार

ज्या २९ नोव्हेंबरला रॉय आरआरपीआरमधून बाहेर पडले, त्याच दिवशी मुंबईत धारावी पुनर्विकासाच्या निविदा उघडल्या. अदानी प्रॉपर्टीजची बोली ५,०६९ कोटींची, तर डीएलएफची २,०२५ कोटींची. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध होता असं मी सुचवत नाही. तो योगायोग होता. पण महाराष्ट्रातल्या वाचकाला हे प्रकरण का लागू पडतं, हे त्या तारखेने नेमकं दाखवलं.

मुंबई उपनगरांत २०१८ पासून वीज अदानींची. मुंबईचा विमानतळ २०२१ पासून त्यांच्याकडे, नवी मुंबईचाही त्यांच्याकडे. रायगडमधलं दिघी बंदर त्यांचं, गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याचं ३,३०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र त्यांचं. आणि १ मे २०२४ रोजी, महाराष्ट्रदिनी, एनडीटीव्ही मराठी सुरू झाली. मराठी माणसाचं वीजबिल, त्याचा प्रवास, त्याच्या झोपडीची पात्रता आणि या सगळ्याच्या बातम्या, असे सगळे धागे एकाच समूहापाशी येतात.

एनडीटीव्हीच्या संकेतस्थळावर अदानी समूहाबद्दलच्या बातम्यांखाली, आपली कंपनी अदानी समूहातली असल्याची टीप दिलेली असते. ती टीप असायलाच हवी आणि ती देतात हे चांगलंच आहे. पण टीप देता येते ती छापलेल्या बातमीखाली. धारावीत कोण पात्र, कोण अपात्र, अपात्रांना मुंबईत कुठे पाठवणार, मिठागरांच्या जमिनी का दिल्या, या प्रश्नांवर जी बातमी करायचीच नाही असं कुणी ठरवलं, तिच्याखाली टीप येत नाही. आणि ते ठरवायला मालकाने काही सांगावंही लागत नाही. नवा वार्ताहर चार महिन्यांत आपोआप शिकतो, कोणता विषय सकाळच्या बैठकीत मांडायचा आणि कोणता नाही. दुसऱ्या कुणाचं वर्तमानपत्र ती बातमी देईलच, हे उत्तर तोवरच खरं, जोवर दुसऱ्या कुणाचं वर्तमानपत्र जाहिरातींसाठी त्याच समूहाकडे आणि त्याच सरकारकडे पाहत नाही.

यावर नेहमी एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. वृत्तपत्रांचे मालक पूर्वीही उद्योगपतीच होते. नेहरूंच्या काळात 'ज्यूट प्रेस' हा शब्द रूढ झाला तो तागाच्या गिरण्या असलेल्या वृत्तपत्रमालकांमुळेच. मराठीतली मोठी वृत्तपत्रं राजकीय घराण्यांशी जोडलेली आहेत. मग आताच ओरड कशाला? माझं उत्तर असं. 'सामना' उघडणाऱ्याला तो कुणाचा आहे हे ठाऊक असतं. 'लोकमत' आणि 'सकाळ'मागची घराणी वाचकाला माहीत असतात आणि तो त्या अंदाजानेच वाचतो. एनडीटीव्हीच्या प्रेक्षकाला ती संधी तेरा वर्षं मिळाली नाही. शिवाय तागाच्या गिरणीचा धंदा आणि बंदर, विमानतळ, वीज, शहरातली जमीन यांचा धंदा यांत मोठा फरक आहे. या दुसऱ्या धंद्यांतला जवळजवळ प्रत्येक रुपया सरकारी निविदेवर, परवान्यावर किंवा दरनिश्चितीवर अवलंबून असतो. अशा मालकाच्या वाहिनीने सरकारला अडचणीचा प्रश्न विचारला तर त्याची किंमत त्याच्या दुसऱ्या धंद्यात चुकती होऊ शकते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये 'फायनान्शियल टाइम्स'ला दिलेल्या मुलाखतीत अदानी म्हणाले होते की सरकार चुकलं तर चूक म्हणा, पण सरकार योग्य करत असेल तर तसं म्हणायचंही धाडस हवं. वाक्य तसं सरळ आहे. मात्र सरकारचं कौतुक करायला या देशात धाडस लागतं, असं मला वाटत नाही.

ही पद्धत एनडीटीव्हीपुरतीही नाही. रिलायन्सने नेटवर्क१८ या माध्यमसमूहावर २०१४ मध्ये ताबा मिळवला, तोही आधी दिलेल्या पैशाच्या बदल्यात घेतलेल्या, समभागांत बदलता येणाऱ्या परिवर्तनीय रोख्यांतून. त्या समूहाची तेव्हाची मराठी वाहिनी आयबीएन लोकमत. त्या उन्हाळ्यानंतर राजदीप सरदेसाई, सागरिका घोष आणि मराठीत निखिल वागळे हे संपादक-पत्रकार बाहेर पडले. म्हणजे २०२२ मध्ये जे दिल्लीत झालं, त्याची झळ मराठी प्रेक्षकाला आठ वर्षं आधीच लागून गेली होती.

मालकाशी किंवा सहकाऱ्यांशी न पटल्यावर संपादकाने बाहेर पडून स्वतःचं काही उभं करायचं, ही आपल्याकडची जुनी वाट आहे. आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. रवीश कुमार यूट्यूबवर गेले आणि तिथे त्यांना लाखो प्रेक्षक मिळाले. म्हणून अनेकजण म्हणतात, वाहिनी गेली तर गेली, आता यूट्यूब आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अदानी एंटरप्रायझेसच्या मानहानीच्या दाव्यात दिल्लीच्या एका न्यायालयाने दुसऱ्या बाजूचं न ऐकता मनाई हुकूम दिला. त्याच्या आधारे माहिती व प्रसारण मंत्रालयाने १३८ यूट्यूब दुवे आणि ८३ इन्स्टाग्राम पोस्ट काढून टाकण्याचे आदेश पाठवले. यादीत रवीश कुमारही होते, जे त्या दाव्यात पक्षकार नव्हते. दोनच दिवसांत जिल्हा न्यायाधीशांनी चार पत्रकारांच्या अपिलावर त्यांच्यापुरता तो हुकूम रद्द केला. न्यायालयाने ते वेळीच केलं याबद्दल समाधान आहे. पण वाहिनीकडे वकिलांची फौज असते, एकट्या यूट्यूबरला ती स्वतःच्या खिशातून उभी करावी लागते.

कायद्यात काय नाही

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १२ ऑगस्ट २०१४ रोजी माध्यमांच्या मालकीबद्दल सविस्तर शिफारशी दिल्या होत्या. उद्योगसमूहांच्या माध्यमप्रवेशावर निर्बंध घालावेत, मालकी आणि आर्थिक संबंध जाहीर करायला लावावेत, स्वतंत्र माध्यम नियामक असावा, असं त्यांत होतं. केंद्र सरकारने त्यांचा कायदा केला नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये ट्रायने याच विषयावर पुन्हा नवी सल्लापत्रिका काढली. चार महिन्यांनी एनडीटीव्हीचं प्रकरण घडलं.

उद्योगपतींना माध्यमांत येऊच देऊ नये, ही मागणी मी करणार नाही. वृत्तवाहिनी चालवायला मोठं भांडवल लागतं, वाचक आणि प्रेक्षक बातमीसाठी पैसे मोजायला तयार नाहीत, आणि सरकारी पैशावरची वाहिनी कशी असते ते आपण पाहिलेलं आहे. आधी निदान एवढं व्हावं: बातम्यांच्या प्रत्येक कंपनीने, तिच्या प्रवर्तकांनी आणि प्रवर्तकांच्या खासगी कंपन्यांनी घेतलेली कर्जं, दिलेले वॉरंट, तारण ठेवलेले समभाग आणि त्यामागचा खरा पैसेवाला, हे सगळं वर्षातून एकदा लोकांसमोर मांडण्याची सक्ती करावी आणि ते त्या वाहिनीच्याच पडद्यावर दाखवायला लावावं. २००९ ते २०२२ या काळात एनडीटीव्हीचा भागधारणा तक्ता कुणालाही शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर पाहता येत होता. त्यात प्रवर्तकांच्या रकान्यात आरआरपीआर होल्डिंग, २९.१८ टक्के, एवढंच लिहिलेलं असे. त्या ओळीपुढे 'वॉरंट विश्वप्रधानकडे, पैसा शिनानो रिटेलचा' एवढे शब्द जोडायला लावणारा नियम २००९ मध्ये नव्हता. ट्रायच्या शिफारशी येऊन दशक उलटलं, तरी माध्यम मालकीचा वेगळा कायदा झालेला नाही.